जसेच्या तसे टाइप करावे

"दोन दिवसांचं काम आहे," असं साहेब म्हणाले, तेव्हाच पुस्तिकाकारानं सावध व्हायला हवं होतं. साहेबांच्या तोंडचे दोन दिवस कुठल्याच कॅलेंडरात सापडत नसत. मागे एकदा ऑफिसातलं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला लावायचं असंच दोन दिवसांचं काम निघालं होतं. ते कपाट अजून दारातच उभं होतं आणि माणसं त्याला वळसा घालून आत येत. पण हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असंही साहेब पुढे म्हणाले, आणि एवढं एक वाक्य ऐकलं की पुस्तिकाकार लोण्यासारखा वितळे. आजवर त्याच्यावर आलेली सगळी संकटं याच वाक्याचं बोट धरून आली होती.

कंपनी लहान होती. वाचनालयांसाठी ती एक प्रोग्रॅम बनवायची: सभासद कोण, कुठलं पुस्तक कुणाकडे, ते परत कधी यायचं. ज्यानं जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही त्यालाही हा प्रोग्रॅम वापरता यावा म्हणून सोबत एक पुस्तिका दिली जाई, 'नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका'. ती पुस्तिका सांभाळणं हे पुस्तिकाकाराचं काम. आता झालं होतं असं, की त्याच्याच घराजवळच्या वाचनालयानं हा प्रोग्रॅम घ्यायचं मनावर घेतलं होतं, आणि तिथल्या ग्रंथपालबाईंनी नमुन्याची पुस्तिका समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहून परत पाठवली होती. पहिलाच प्रश्न असा: "इथे <सभासदाचे नाव> असे छापले आहे. दोन्ही बाजूंची ती टोकेही टाइप करायची का? करायची असल्यास ती कीबोर्डवर कुठे आहेत? करायची नसल्यास छापली कशाला?"

या प्रश्नात चूक काढायला जागा नव्हती. साहेबांनी पुस्तिका उघडून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की तिच्यात तीन प्रकरणं आणि तीन तऱ्हा आहेत. पहिलं प्रकरण खुद्द साहेबांनी लिहिलं होतं, कंपनीत ते आणि खुर्ची एवढेच होते त्या काळात. त्यात टाइप करायचे शब्द अवतरणचिन्हांत होते. दुसरं प्रोग्रॅमरनं लिहिलं होतं, त्यात टोकदार कंस. तिसरं पुस्तिकाकाराचं. त्यात कीबोर्डवरची दाबायची बटणं चौकटी कंसात आणि टाइप करायचा मजकूर महिरपी कंसात होता. पहिलं प्रकरण शिकून दुसऱ्यात शिरणारा नवशिका पुन्हा नवशिकाच होत होता. साहेब म्हणाले, सगळीकडे एकच पद्धत करा. दोन दिवसांचं काम आहे.

पुस्तिकाकाराला आपली पद्धत मनापासून आवडत असे. बटण चौकोनी असतं, म्हणून त्याला चौकटी कंस; टाइप केलेला मजकूर वळणदार असतो, म्हणून त्याला महिरप. यात एक सौंदर्यदृष्टी आहे असं त्याचं मत होतं. ते त्यानं घरी बायकोला सांगितलं होतं, आणि तिनं कपड्यांच्या घड्या घालता घालता "हो का?" म्हटलं होतं. तेव्हा दुसरी दोन्ही प्रकरणं आपल्या पद्धतीत आणायची, की झालं, अशा हिशेबानं तो त्या दिवशी घरी आला. त्याच्या चालण्यात थोडा डौलही होता.

बातमी इमारतभर व्हायला वेळ लागला नाही, कारण वाचनालयाची अर्धी कार्यकारिणी त्याच इमारतीत राहत होती. तळमजल्यावर निवृत्त गणितबाई, पहिल्या मजल्यावर वाचनालयाचे चिटणीस असलेले निवृत्त हिशेबतपासनीस, आणि समोरच्याच दारात हौशी नट, ज्यांचा आवाज त्यांच्याआधी जिना चढून येई. नळदुरुस्ती असो की मुलीचं लग्न, या तिघांचं मत न घेता त्या इमारतीत आजवर काही झालं नव्हतं. मत न मागितल्यास ते घरपोच मिळे.

गणितबाईंनी जिन्यातच गाठलं. कंसांना क्रम असतो, म्हणाल्या. आधी साधा सोडवायचा, मग महिरपी, मग चौकटी. तुम्ही सरसकट चौकटीनं सुरुवात केलीत तर वाचणारा आत आणखी दोन कंस शोधत बसेल. हिशेबतपासनीसांना भलतीच काळजी होती. त्यांच्या धंद्यात कंसातला आकडा म्हणजे उणे. कंसात सभासदाचं नाव दिसलं, तर तो सभासद जमेला धरायचा की वजा करायचा, असं त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं. नट म्हणाले, की नाटकाच्या संहितेत कंसातलं कधीच म्हणायचं नसतं, फक्त करायचं असतं. कंसात 'रडतो' असेल तर रडायचं. 'रडतो' असं म्हणणारा नट दुसऱ्या दिवशी नाटकात राहत नाही. यावर त्यांनी जिन्यात रडूनही दाखवलं, आणि ते इतकं हुबेहूब साधलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली वाकून काय झालं म्हणून विचारलं.

पुस्तिकाकारानं तिघांचंही ऐकून घेतलं, आणि तिथेच तो फसला. सल्ला ऐकून सोडून द्यायचा असतो ही साधी गोष्ट त्याला कधी जमली नाही. त्यानं पुस्तिकेच्या सुरुवातीला 'या पुस्तिकेतील खुणा' असं एक पान घातलं. एका पानात मावेना म्हणून दुसरं घातलं. चौकटी कंस म्हणजे काय ते सांगताना चौकटी कंस छापावा लागे, पण तो इथे नुसता दाखवण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही, हेही सांगावं लागे. मग दाखवण्यासाठी छापलेल्या कंसाभोवती कुठली खूण घालायची, हा प्रश्न उभा राहिला. तत्त्वज्ञ लोक अशा प्रश्नांवर आयुष्य घालवतात आणि त्यांना त्याचा पगारही मिळतो. पुस्तिकाकाराला मात्र साहेब रोज सकाळी विचारत, "झालं का?"

झालं असतं, पण प्रोग्रॅमर आडवा आला. त्याच्या प्रकरणातले टोकदार कंस काढायचे असतील तर तशी रीतसर बदल-विनंती हवी, म्हणाला. बदल-विनंतीचा नियम त्यानंच केला होता, आणि आजवर ती कुणी केलेली नसल्यामुळे तिचा नमुना कसा असतो हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यात आणखी एक अडचण निघाली. पुस्तिका इंटरनेटवर चढवली की टोकदार कंसातला मजकूर कॉम्प्युटर स्वतःसाठीची आज्ञा समजून गिळून टाकी. म्हणजे त्याचं प्रकरण तिथे "आता टाइप करा आणि मग पुन्हा टाइप करा" एवढंच दिसत होतं. गेली काही वर्षं ते तसंच दिसत होतं, आणि कुणाची तक्रार आली नव्हती.

शेवटी साहेबांनी खूण समिती नेमली. तिच्यात साहेब, प्रोग्रॅमर आणि पुस्तिकाकार होते. चहा आला, पुन्हा चहा आला, आणि दुसऱ्या चहानंतर असं ठरलं, की टाइप करायचा मजकूर चौकटी कंसात, दाबायची बटणं महिरपी कंसात, आणि जिथे ज्यानं त्यानं आपापला मजकूर भरायचा ते शब्द तिरप्या अक्षरात. म्हणजे पुस्तिकाकाराच्या पद्धतीच्या बरोबर उलट. त्यानं चौकोनी बटणाचा आणि सौंदर्यदृष्टीचा मुद्दा मांडला. प्रोग्रॅमर म्हणाला, चौकटी कंस मजबूत दिसतो, आणि मजकूर सांडू नये म्हणून भांडं मजबूत हवं. साहेबांना ही उपमा आवडली. वर त्यांनी स्वतःची एक सुधारणा सुचवली. खुणेवरूनच काय करायचं ते कळतंय, तर 'दाबा', 'टाइप करा' हे शब्द प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा कशाला? काढून टाका, कागद वाचेल.

पहिली दोन प्रकरणं पुस्तिकाकारानं हातानं, एकेक ओळ वाचून दुरुस्त केली. ती परक्याची होती. तिसरं त्याचं स्वतःचं, आणि त्यात आपल्याच हातानं आपल्या महिरपी मोडायच्या हे त्याच्या जिवावर आलं. त्यानं ते काम कॉम्प्युटरला सांगितलं. आधी, जिथे जिथे चौकटी कंस आहे तिथे महिरपी कर. कॉम्प्युटरनं केला. मग, जिथे जिथे महिरपी आहे तिथे चौकटी कर. कॉम्प्युटरनं तोही केला. त्यात नुकतेच चौकटीचे महिरपी झालेलेही आले, कारण कॉम्प्युटरला नवे-जुने असा भेदभाव माहीत नसतो. पाणी या बादलीतून त्या बादलीत आणि त्या बादलीतून या बादलीत ओतावं, तशातला प्रकार. तिसऱ्या प्रकरणात टाइप करायचा मजकूरही चौकटीत आणि दाबायची बटणंही चौकटीतच राहिली. पुस्तिकाकारानं वरवर पाहिलं, चौकटी दिसल्या, आणि रुसलेल्या माणसाच्या तत्परतेनं त्यानं पुस्तिका छापायला धाडली.

इकडे वाचनालयाच्या कार्यकारिणीनं ठराव केला, की प्रोग्रॅम घेण्यापूर्वी त्याची परीक्षा व्हावी, आणि ती कार्यकारिणीतल्या कॉम्प्युटरबाबत सर्वांत अडाणी सदस्यानं घ्यावी. या पदासाठी एकच नाव पुढे आलं आणि ते एकमतानं मंजूर झालं. ते होते पुस्तिकाकाराचे सासरे, ज्यांना बायकोसारखा तोही बाबाच म्हणे. ते वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि दोन गल्ल्या सोडून राहत. अडाणी या शब्दाचा त्यांना राग आला नाही. तपासणीचं काम आपल्याकडे आलं, एवढंच त्यांना कळलं. हिशेबतपासनीसांनी वर अशीही अट घातली, की परीक्षा म्हणजे परीक्षा. बाबांना कुणीही मदत करायची नाही, विशेषतः जावयानं.

बाबांबद्दल चार शब्द सांगायला हवेत. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी जावई नेमकं काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यात तुच्छता नव्हती. एखाद्या वस्तूचं वजन करता येत नसेल तर तिच्याबद्दल बोलू नये, असा त्यांचा स्वभाव होता. आता त्यांच्या हाती जावयानं लिहिलेलं पुस्तक आलं, आणि ते त्यांनी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचावा तसं वाचायला घेतलं. पुस्तिकाकाराला बायकोकडून कळलं, की बाबा सकाळी चष्मा पुसून, शर्ट घालून, घरातल्याच टेबलाशी बसून पुस्तिका वाचतात आणि मग वाचनालयात जातात. त्याला त्या आठवड्यात विनाकारण बरं वाटत होतं. रविवारी दोघं तिकडे जेवायला गेली तेव्हा त्यानं धीर करून विचारलं, काही अडतंय का?

"अडतंय कशाला?" बाबा म्हणाले. "सगळं लिहिलंय की."

त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं आणखी थोडा भात मागून घेतला.

खरोखरच अडत नव्हतं. पहिल्या प्रकरणात कॉम्प्युटर सुरू झाला, दुसऱ्यात वाचनालयाचं नाव, पत्ता आणि उघडण्याची वेळ बिनचूक चढली. मग तिसरं प्रकरण आलं, सभासदांची नोंदणी. ग्रंथपालबाई भाचीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या, बाकीच्यांना मदतीची मनाई होती, आणि बाबा एका बोटानं, न कंटाळता, रोज दुपारी सभासदांची नावं भरत होते. सगळी भरून झाल्यावर त्यांनी माहिती छापखान्याकडे धाडली आणि नवी ओळखपत्रं छापून आली. ती वाटायला छोटासा समारंभ ठरला. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या, साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. नावं पुकारायचं काम अर्थातच नटांकडे होतं.

नटांनी पहिलं ओळखपत्र हातात घेतलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात एका सद्गृहस्थांचं नाव घेतलं, मग "स्पेस" म्हणाले, मग त्यांचं आडनाव घेतलं, आणि शेवटी "एंटर" म्हणाले. सद्गृहस्थ उठले, थोडे घुटमळले, ओळखपत्र घेऊन बसले. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी पदवी असेल. दुसरं नाव एका बाईंचं होतं, त्यातही स्पेस आणि एंटर आलं. तिसऱ्याच्या आलं. पाचव्या-सहाव्या नावापर्यंत सभेच्या लक्षात आलं, की या वाचनालयातले झाडून सगळे सभासद एकाच घराण्यातले आहेत. नट मात्र छापील शब्द खाली पडू देणाऱ्यांपैकी नव्हते. समोर लिहिलंय ते म्हणायचं, या निष्ठेनं ते पुढे जात राहिले, उलट "एंटर"वर त्यांनी हळूहळू जोर द्यायला सुरुवात केली.

पुस्तिकाकार मागच्या रांगेत होता. पहिल्या "स्पेस"लाच त्याला सगळं कळलं. तिसऱ्या प्रकरणातली ती ओळ त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली: आधी तिरप्या अक्षरात *नाव*, मग [स्पेस], मग तिरपं *आडनाव*, मग [एंटर]. आणि त्याच क्षणी त्याला तिच्याखालची ओळही आठवली. 'चूक झाल्यास [डिलीट] आणि पुन्हा लिहावे.'

कुणाच्या नावात चूक झाली असेल, याचा विचार तो करत होता, तोवर नटांनी पुढचं ओळखपत्र उचललं आणि ते थांबले. ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांचं नाव, तेही चुकीच्या वेलांटीचं, मग 'डिलीट', मग तेच नाव बरोबर वेलांटीनं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. नाटकाच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच वाक्य विसरल्यासारखे उभे राहिले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, की आपल्याला काढून टाकायचं होतं तर तसं आधी सांगायचं, चारचौघांत वाचायला लावायची काय गरज होती. गणितबाईंनी घाईनं आपलं ओळखपत्र शोधलं. त्यांच्या नावात दोन डिलीट निघाले. दोन वेळा काढलं म्हणजे पुन्हा आत आले का, असं त्यांनी विचारलं, आणि ते त्या थट्टेनं विचारत नव्हत्या. हिशेबतपासनीस तेवढे समाधानी होते. हिशेबाच्या पुस्तकात चूक कधी खोडायची नसते, म्हणाले, ती दिसू द्यायची आणि पुढे बरोबर आकडा लिहायचा. ही पद्धत निर्दोष आहे.

साहेबांनी मान वळवून मागच्या रांगेत पाहिलं.

घरी जाताना पुस्तिकाकाराच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: एंटर हे बटण असतं हे कुणालाही कळतं. ते त्यानं बायकोला ऐकवलं, समोरच्या दाराला ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रोग्रॅमरला ऐकवलं. प्रोग्रॅमरला ते लगेच पटलं. त्यामुळे पुस्तिकाकाराला पहिल्यांदाच त्या वाक्याबद्दल शंका आली. बायको मात्र आदल्या रात्रीच म्हणाली होती, "बाबा जेवले नाहीत. आईचा फोन होता." तो विचार मनातून जाईना. संध्याकाळी तो एकटाच सासऱ्यांकडे गेला. त्यांना सौम्य शब्दांत समजावून सांगायचं, की काही गोष्टी लिहिलेल्या नसल्या तरी समजून घ्यायच्या असतात, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं.

बाबा टेबलाशीच बसले होते. पुस्तिका समोर होती. त्याला बसा म्हणायच्या आधीच त्यांनी खुणांचं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं. 'चौकटी कंसातील मजकूर जसेच्या तसे टाइप करावे.' त्या वाक्यातलं व्याकरणही चुकलं होतं, हे पुस्तिकाकाराला आत्ता दिसलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग मी चुकलो कुठे, तेवढं दाखवा."

पुस्तिकाकारानं तिसरं प्रकरण उघडलं. ही बटणं आहेत, इथे महिरप हवी होती, ती छापताना जरा, असं काहीतरी तो पुटपुटला. बाबांनी ते शांतपणे ऐकलं. त्यांना राग आलेला नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं.

"मला वाटलंच होतं, की नावापुढे एंटर कशाला," ते म्हणाले. "पण मी म्हटलं, पुस्तकात आहे. दुकानदारानं दारातल्या तराजूला एक किलो लावायचा आणि आतल्या तराजूला दुसराच, असं चालतं का? पहिल्या पानावर तुम्ही मला माप दिलंत. मी पुढचं सगळं त्या मापानं केलं. मधे माप बदललंत, ते मला कुणी सांगितलं?"

वाटेत ठरवलेलं सौम्य वाक्य त्यानं तसंच गिळलं.

"माझ्या नोकरीत असतं, तर जप्त केलं असतं," बाबा म्हणाले आणि पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "चहा घेणार का?"

चहा झाल्यावर असं ठरलं, की सगळ्या सभासदांची नावं दोघांनी मिळून दुरुस्त करायची. पुस्तिकाकारानं ऑफिसातून दुपारची सवलत मागितली. साहेबांनी ती दिली, कारण त्याला दुपारी समोर पाहायची त्यांचीही फारशी इच्छा नव्हती.

वाचनालयातल्या त्या दुपारी पुस्तिकाकाराला जड गेल्या. बाबांनी अट घातली होती, की तुम्ही शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. पुस्तक काय बोलतं ते मला ऐकू द्या. आपण लिहिलेलं वाक्य दुसरा माणूस कसा वाचतो, हे त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. बाबा एक ओळ वाचत, कीबोर्डकडे पाहत, पुन्हा ओळीकडे येत, आणि खूण दिसली की पानं उलटून मागे खुणांच्या पानाकडे जात. खुणांच्या पानावरून परत येईपर्यंत कुठल्या ओळीवर होतो ते विसरत. मग करंगळी ठेवून वाचू लागले. मग करंगळी एका पानात, अंगठा दुसऱ्या पानात, आणि टाइप करायला एकच बोट उरलं. ते बोट अधांतरी फिरत असलेलं पाहून पुस्तिकाकाराला आपली सौंदर्यदृष्टी, प्रोग्रॅमरचं मजबूत भांडं आणि साहेबांचा वाचलेला कागद, सगळंच फार लांबचं वाटू लागलं. एकदा त्यानं न राहवून तोंड उघडलं. बाबांनी नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

ग्रंथपालबाई परत आल्या, त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि पेन्सिल पुढे केली. कुठे अडतं तिथे खूण करा, म्हणाल्या, आणि जीभ चावली. आता खूण नको.

नावं दुरुस्त झाली तोवर पुस्तिकाकाराचंही ठरलं होतं. त्यानं पुस्तिका पहिल्यापासून पुन्हा लिहिली. कंस सगळे काढले, चौकटी, महिरपी, टोकदार, एकही ठेवला नाही. जे टाइप करायचं ते ठळक अक्षरात. जे दाबायचं तिथे त्या बटणाचं छोटं चित्र. आणि प्रत्येक ओळीत 'टाइप करा', 'दाबा' हे शब्द परत आले, कितीही वेळा यावे लागले तरी. खुणांचं पान उरलंच नाही, कारण समजावून सांगावी अशी एकही खूण राहिली नव्हती. खूण समितीनं एवढा चहा पिऊन केलेलं काम असं उडवून लावलेलं पाहून साहेब नाराज झाले. प्रोग्रॅमरनं विरोध केला नाही. बदल-विनंतीचा नमुना करण्यापेक्षा गप्प बसणं त्याला सोपं वाटलं. इमारतीत तर प्रत्येकाला हा आपलाच विजय वाटला. कंस सोडवत गेलं की शेवटी एकही उरत नाही, असं गणितबाईंनी जिन्यात सांगितलं. उणे काढून टाकलेत हे बरं केलंत, असं हिशेबतपासनीस म्हणाले. नटांना नवं ओळखपत्र मिळालं होतं, त्यावर फक्त त्यांचं नाव होतं, आणि ते त्यांनी कुणी न विचारता सगळ्यांना वाचून दाखवलं.

बाबा पुन्हा रोज वाचनालयात जाऊ लागले. पहिले काही दिवस नवी पुस्तिका बगलेत असे. मग पुस्तकांची देवघेवही ते कॉम्प्युटरवर करू लागले. सभासद समोर उभा राहिला की त्याचं नाव घालत, दोन बटणं दाबत, पुस्तक त्याच्या हातात देत आणि चष्म्यावरून पाहत "पुढचे" म्हणत. ग्रंथपालबाई सांगत, की त्यांच्या टेबलापुढची रांग आपल्यापेक्षा लवकर सरकते, म्हणून लोक मुद्दाम त्यांच्याकडे जातात.

मग कार्यकारिणीची बैठक झाली. प्रोग्रॅम घ्यायचा की नाही, हे तीत ठरायचं होतं. पुस्तिकाकाराला खास बोलावलं होतं. प्रोग्रॅमबद्दल सगळ्यांचं बरं मत पडलं आणि तो घ्यायचं ठरलं. मग चिटणीस म्हणून हिशेबतपासनीसांनी पुढचा विषय घेतला: पुस्तिका. परीक्षकांनी तिच्याबद्दल आपलं मत सांगावं, ते लिहून घेतलं जाईल आणि कंपनीला कळवलं जाईल. पुस्तिकाकारानं खुर्चीत जरा सावरून घेतलं.

बाबा उभे राहिले. थोडा विचार करून म्हणाले, "त्या पुस्तकाबद्दल मला काही सांगता यायचं नाही. हल्ली ते उघडायची वेळच येत नाही." आणि बसले.

हिशेबतपासनीसांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. परत वाचून दाखवलं तेव्हा ते असं होतं: 'पुस्तिकेचा काही उपयोग होत नाही, असे परीक्षकांचे मत पडले.' कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. पुस्तिकाकाराची होती. पण हरकत घ्यायची तर सासऱ्यांना खोटं पाडायचं, किंवा आपल्या धंद्यात याला काय म्हणतात हे पाच माणसांना समजावून सांगायचं, आणि समजावून सांगण्याबद्दलची त्याची हौस अलीकडे बरीच कमी झाली होती. ठराव मंजूर झाला.

बाहेर पडल्यावर दोघे बरोबर चालू लागले. कोपऱ्यावर बाबा थांबले.

"मी काही वावगं बोललो का?"

"नाही बाबा. बरोबर बोललात."

"नाही, तुमचा चेहरा जरा वेगळाच दिसला."

"तो तसाच असतो," पुस्तिकाकार म्हणाला, आणि बाबांना ते पटलं.

घरी बायकोला ठराव कळला तेव्हा तिनं फोनच उचलला. बाबांना चांगलं सुनावते, म्हणाली, एवढा माणूस रात्रंदिवस खपला आणि उपयोग नाही म्हणतात. त्यानं तिला थांबवलं. उघडावी लागत नाही, हे पुस्तिकेचं कौतुकच आहे, असं त्यानं सांगितलं. मग असलं कौतुक तुलाच लखलाभ होवो, म्हणाली, आणि आत गेली. जाताना मात्र तिनं फोन खाली ठेवला होता.

आठवड्याभरात ठरावाची नक्कल ऑफिसात पोहोचली. साहेबांनी पुस्तिकाकाराला आत बोलावलं. ते ठराव पुन्हा पुन्हा वाचत होते.

"प्रोग्रॅम घेतला हे उत्तम झालं," ते म्हणाले. "पण हे पुस्तिकेचं जरा बघा. एवढी मेहनत घेतो, छापतो, आणि लोक उघडतही नाहीत म्हणजे काय? पुढच्या आवृत्तीत काहीतरी करा. उघडावीच लागेल असं काहीतरी. दोन दिवसांचं काम आहे."

पुस्तिकाकारानं बघतो म्हणून सांगितलं. पुस्तिका लोकांना रोज उघडायला लावणं मुळीच अवघड नव्हतं. मधल्या एखाद्या प्रकरणात कुठेतरी एक चौकटी कंस घातला असता तरी पुरलं असतं. तो आपल्या टेबलाशी येऊन बसला, पुस्तिका पुढे ओढली, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा वाचून काढली, आणि होती तशीच ठेवून दिली.